टाकीची सफाई, अठ्ठेचाळीस केबी

प्रिय दादा,

पाकीट बघून तू घाबरला असशील, म्हणून आधी सांगून टाकते: घरात सगळे ठणठणीत आहेत. आईचा गुडघा कुरकुरतो, पण तिच्यापेक्षा कमीच. हे फोनवरही सांगता आलं असतं. पण फोनवर बाबांचा विषय निघाला की तुला लगेच मीटिंग आठवते, आणि मला सगळं पहिल्यापासून, माझ्या पद्धतीनं सांगायचंय. पत्रात तुला मधेच तोंड घालता येत नाही, हा पत्राचा मोठा फायदा.

तर बातमी अशी, की बाबांनी त्यांचं मशीन कोपऱ्यावरच्या वाचनालयाला द्यायचं ठरवलंय. हो, तेच. रेडिओ दुरुस्तीचं दुकान बंद केल्यावर चार महिने खपून, सुटे भाग जोडून उभं केलेलं, जुन्या काळच्या घरगुती कॉम्प्युटरसारखं, कीबोर्डच्याच पोटात सगळं असलेलं आणि टीव्हीला जोडायचं. रविवारी वाचनालयाची माणसं न्यायला येणार. त्याआधी त्यातलं मेमरी कार्ड रिकामं करायचं काम बाबांनी माझ्यावर टाकलं. म्हणाले, जे उघडेल ते बघून घे, जे उघडणार नाही ते खुशाल पुसून टाक. मी बघतच राहिले. ज्या मशीनवरची धूळ ते आईला पुसू देत नाहीत, ते माझ्या हवाली?

मला त्या मशीनमधलं ओ की ठो कळत नव्हतं. पण बसले, आणि तुला खोटं वाटेल, रमले रे. त्याला फक्त पाच जातीच्या फाइली समजतात: मजकूर, चित्र, धून, प्रोग्राम, आणि पाचवी जात, जिला बाबा 'गोठवण' म्हणतात. मशीनच्या डाव्या कुशीतलं बटण दाबलं की त्या क्षणी त्याच्या डोक्यात जे काही चाललंय ते सगळं जसंच्या तसं कार्डावर उतरतं. नंतर ती फाइल उघडली की मशीन पुन्हा त्याच क्षणात येऊन उभं राहतं. हे सगळं तुला माहीत असणारच, पण मला नव्हतं ना, म्हणून सांगतेय. कुठली फाइल कुठल्या जातीची हे मशीन कसं ओळखतं, तर नावाच्या शेपटीला लावलेल्या तीन अक्षरांवरून. बस्स. आत डोकावूनसुद्धा बघत नाही बावळट!

एकदा हे कळल्यावर मी गप्प बसणार का? बाबांच्या किराणा यादीची शेपटी बदलून मी तिला धून करून टाकलं. मशीननं इमानेइतबारे वाजवली! तूरडाळीपाशी जरा बरा सूर लागला होता, साबणापाशी मात्र कुत्र्याच्या शेपटीवर पाय पडल्यासारखं झालं. पाणी कमी येतं म्हणून केलेल्या तक्रारीचं चित्र केलं, तर पडद्यावर नुसता रंगीत रवा सांडला. आई आतून ओरडली, की लहानपणी खेळली नाहीस तेवढी आता खेळतेयस. मी म्हटलं, काम करतेय. आणि खरंच करत होते. संध्याकाळपर्यंत एक सोडून सगळ्या फाइली बघून झाल्या.

ती एक म्हणजे 'टाकी'. गच्चीवरची टाकी कधी साफ केली याच्या नोंदी बाबा ठेवतात, मजकुराच्या जातीत, सगळ्या मिळून एक केबीसुद्धा भरत नाहीत. पण नावापुढे एक आणि दोन असे आकडे लावलेल्या दोन फाइली निघाल्या, आणि दुसरी होती अठ्ठेचाळीस केबीची. म्हटलं, टाकीवर कादंबरी लिहिली की काय! उघडली तर नुसता कचरा, चौकोन, टिंबं, उलटे कंस. नियमाप्रमाणे पुसायला हवी होती. बोट पुसायच्या बटणावर गेलंसुद्धा होतं. तेवढ्यात कचऱ्याच्या मधोमध रोमन अक्षरांत चार अक्षरं दिसली. 'बोका'. आपल्या घरात बोका एकच, म्हणजे तू, आणि तू तीन वर्षं घरी आलेला नाहीस.

मग मी स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेले आणि फळीसमोर उभी राहिले. आईचे डबे आठवतात ना? बिस्किटांच्या डब्यावर 'खायचा सोडा', शेंगदाण्यांच्या डब्यावर 'तुरटी', म्हणजे आपण दोघं हात घालणार नाही. अजून तसेच आहेत. लॅबमध्ये मी दिवसभर रक्ताच्या नळ्यांना चिठ्ठ्या लावते, तिथे एक चिठ्ठी चुकली तर माझी गच्छंती होईल. पण या घरात जे जपायचं त्याच्यावर चुकीची चिठ्ठी लावायची, हीच रीत. बाबांनी चाळीस वर्षं त्या डब्यांतूनच बिस्किटं चोरली आहेत. ते दुसरं काय करणार?

परत जाऊन बघितलं. कार्डावरच्या सगळ्या गोठवणी बरोब्बर अठ्ठेचाळीस केबीच्या, ना एक कमी ना एक जास्त. मी त्या दुसऱ्या 'टाकी'ची शेपटी बदलली आणि उघडली.

दादा, तुझा मुंग्यांचा खेळ. तू त्या सुट्टीत तीन आठवडे, जेवायला हाका मारमारून आईचा घसा बसला तरी न उठता लिहिलेला. काळी मुंगी बाबांची, लाल तुझी, तिच्यावर 'बोका' लिहिलेलं, मधे साखरेचे दाणे. बाबांचे बारा, तुझे नऊ. तू हरत होतास! म्हणूनच तू म्हणालास ना, की तुमच्या या खेळण्यापेक्षा माझ्या मनगटावरच्या घड्याळात जास्त अक्कल आहे? बाबांनी खटकन पडदा बंद केला, सगळं पुसलं म्हणाले, आणि तू तशीच बॅग उचललीस. मी दारात उभी होते. तुम्हा दोघांचाही मला इतका राग आला होता, आणि अजून आहे. पण त्यांनी बंद केला होता तो टीव्ही. मशीन चालूच होतं. फाइलवर त्याच दिवसाची तारीख आहे, संध्याकाळी सहा दहाची. तुझी बस साडेपाचला गेली होती. म्हणजे तुझी बस सुटल्यावरही ते चाळीस मिनिटं त्या काळ्या पडद्यासमोर बसून होते, आणि मग त्यांनी ते कुशीतलं बटण दाबलं.

मागे वळले तर बाबा दारात. किती वेळ उभे होते कोण जाणे. मी भडकले. म्हटलं, पुसलं म्हणालात, आणि तीन वर्षं त्याला तसंच समजू दिलंत? मी आज पुसून टाकलं असतं तर? त्यावर म्हणाले, तू असली चोंबडी, तू न बघता पुसशील होय. म्हणजे काम मला का दिलं ते कळलं. स्वतःच्या तोंडानं तुला सांगणं त्यांना जमलं नाही, म्हणून माझ्या हाती लागेल असं ठेवलं. मग चष्मा काढून, काचा पुसत, पडद्याकडे बोट करून म्हणाले, त्याची पाळी आहे. माझी असती तर मी केव्हाच खेळलो असतो.

काल वाचनालयाच्या बाई तारीख पक्की करायला आल्या होत्या. बाबांनी सांगितलं, डाव अर्धा आहे, तो संपल्याशिवाय मशीन हलणार नाही. बाईंनी विचारलं, किती वेळ लागेल? बाबांनी माझ्याकडे बघितलं. म्हणून हे पत्र. लाल मुंगी तिसऱ्या ओळीत उभी आहे, डावीकडे दोन दाणे आहेत. येऊन खेळ. आणि मुद्दाम हरू नकोस, त्यांना कळतं.

तुझीच,
चोंबडी