एकही जंत नसलेला मासा

तीर्थरूप ताई,

चष्मा सांभाळत वाकून नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? भावोजींचा खोकला अजूनही त्यांच्या आधी घरात शिरतो का? मी बरा आहे (वजन घटलंय, पण स्वयंपाक मीच करतो म्हटल्यावर ते होणारच).

परवा प्रयोगशाळेत माझी चांगलीच फजिती झाली. खाडीचं पाणी कसं आहे हे आम्ही मासे चिरून ठरवतो, ते तुला ठाऊकच आहे. आमचे नवे साहेब भारी उत्साही. त्यांनी पाहुणे बोलावले आणि आमच्याच लांब टेबलावर जेवण मांडलं (एका टोकाला माझं भिंग, दुसऱ्या टोकाला तळलेले मासे). मी कारखान्याच्या नाल्यापाशी धरलेला मासा चिरला. आतून लख्ख, एकही जंत नाही. साहेब खूश झाले आणि अहवालात "पाणी उत्तम" लिहा म्हणाले. मला राहवेना. मी लांबच्या चिखलाकडचा मासा चिरला, त्यातले तीन जातींचे जंत चिमट्याने काढून बशीत मांडले (बशी जेवणाची होती, हे नंतर कळलं) आणि पाहुण्यांना समजावू लागलो, की हा जंत आधी गोगलगायीत वाढतो, मग माशात, आणि बगळ्याने मासा खाल्ला की बगळ्यात. तिघांपैकी एक जरी निघून गेला तरी जंताचा संसार मोडतो. तेव्हा जंत आहेत तिथे सगळे नांदताहेत, आणि माशात जंतच नसले तर समजावं, तिथून कोणीतरी निघून गेलंय. एवढं बोलून मी चिमटा खाली ठेवला. तोवर पाहुणे ताटावरून उठले होते. साहेबांनी मला बाटल्या धुवायला बसवलं.

चिमटा का ठेवला ते तुला सांगायला नको. गेल्या वर्षी पलंगावरच्या एका ओल्या टॉवेलावरून मी भावोजींसमोर तुम्हा चौघांना माझ्या घरातले जंत म्हणालो, आणि संध्याकाळच्या आत तुम्ही सामान बांधलंत. बावीस वर्षं ज्या जंतांच्या जिवावर माझं पोट भरलं, त्यांचंच नाव मी शिवी म्हणून वापरलं. आता साखरेचा डबा महिनोन्‌महिने सरत नाही. माझं पेन ठेवल्या जागी सापडतं. भाचीने भिंतीवर काढलेला हत्ती तेवढा मी पुसलेला नाही. बाकी घर आतून लख्ख आहे. तुमची फार आठवण येते गं.

तुझा धाकटा,
बाटल्या धुणारा भाऊ

ता. क. साहेबांनी काल नाल्यापाशी माणूस पाठवून गोगलगायी मोजवल्या. नुसते शंख मिळाले. अहवाल बदलला, मला भिंग परत मिळालं.

ता. क. २. तुमची खोली झाडून ठेवलीय. चौघंही या, आणि राहायलाच या. मी चुकलो. भावोजींना हे पत्र मोठ्याने वाचून दाखव.

ता. क. ३. काल मीच टॉवेल भिजवून पलंगावर टाकून पाहिला. ओरडावं असं कोणी घरात नव्हतं. तो तिथेच वाळला.