पुलापलीकडच्या बाया

आई,

परवा मतदान आहे. आमच्या सोसायटीत कोण कुणाचा, हे आता दारावरच्या झेंड्यावरूनच कळतं. मी झेंडा लावला नाही म्हणून सेक्रेटरी दोनदा विचारून गेले, "ताई, तुमचं काय ठरलं?" मी हसून दार लावलं आणि आतून कडी घातली. साठी ओलांडलेली बाई मी, आणि एवढ्याशा प्रश्नानं घाबरले. तेव्हापासून तू डोळ्यांसमोरून हलत नाहीस, म्हणून लिहायला घेतलं.

आपली पिठाची गिरणी पुलाच्या तोंडाशी होती. नाल्याच्या अलीकडं आपली वस्ती, पलीकडं मुसलमानांची. दळण मात्र दोन्हीकडचं तुझ्याकडं. ज्वारीचे डबे ओळीनं लागलेले असायचे आणि बाया पट्ट्याच्या आवाजावर आवाज चढवून बोलत बसायच्या. मी शाळेत होते, त्या वर्षी दंगल झाली. कर्फ्यू उठला तरी पुलावरची वर्दळ काही परत आली नाही. पलीकडच्या बाया डबा ठेवायच्या आणि न थांबता निघून जायच्या. तेवढ्यात नगरपालिकेची निवडणूक लागली. आपल्या वॉर्डात उभा राहिला तो गिरणीच्या खोलीचा मालकच. मतदानाचं केंद्र आपल्या बाजूच्या शाळेत, म्हणजे पलीकडच्यांना मत द्यायचं तर पूल ओलांडून आपल्याच गल्लीतून जावं लागणार होतं.

आदल्या दिवशी मालकाचा पुतण्या गिरणीत आला. त्यानं तुला मोटार बंद करायला लावली. मी कोपऱ्यात डब्यांची झाकणं लावत होते.

"काकू, पलीकडच्या बाया तुमचं ऐकतात. तेवढं सांगा त्यांना, उद्या वातावरण खराब हाय, घराबाहेर निघू नका. मारायचं नाय, धमकवायचं नाय, नुस्तं सांगायचं. त्या घरात बसल्या की काका आले निवडून."

तू हातावरचं पीठ झटकलंस. "आन् वातावरण खराब नसलं तर?"

"ते आमी बघतो," तो म्हणाला आणि हसला.

संध्याकाळी वडील चिकलठाण्याच्या कंपनीतून पाळी करून आले. सगळं ऐकून म्हणाले, "सांगून टाक ना. आपलं काय जातं? खोली त्यांची हाय." तू भाकरी थापता थापता, मान वर न करता बोललीस, "निजामाच्या राज्यात माझ्या बापाला कुणी विचारलं नव्हतं, तुला कोण पायजे म्हणून. पोलीस अ‍ॅक्शननंतर पहिल्यांदा मत द्यायला निघाला तर नवं धोतर नेसून गेला. मी कुणाला घरी बस म्हणणार नाय." वडील ताटावरून उठले नाहीत, पण पुढं जेवलेही नाहीत.

सकाळी तू गिरणीला कुलूप लावलंस आणि थेट पुलापलीकडं निघालीस. मी तुझ्या मागं. दारं सगळी बंद. तू सांगितलं नाहीस तरी दुसऱ्या कुणी तरी सांगितलंच होतं. शिवणकाम करणाऱ्या बाईंनी, त्यांना मी खाला म्हणजे मावशी म्हणायचे, दार किलकिलं केलं.

"बाई, नक्को. बच्चे बोल रहे, उधर पत्थर जमा करे सो हैं."

"हायत," तू म्हणालीस. "मी बघितलेत. म्हणून तर आले. माझ्या मागं चला."

खाला निघाल्या, तसं एकेक दार उघडलं. पंधरा-वीस बाया झाल्या असतील. पुलाच्या अलीकडच्या टोकाला पुतण्या आणि त्याच्याबरोबरची पोरं उभी. त्यानं तुला अडवलं.

"काकू, तुम्ही आपल्या का त्यांच्या?"

"मला मत द्यायचंय. सरक."

तो सरकला नाही. एवढ्यात टपरीच्या आडून दगड आला आणि खालांच्या मनगटावर बसला. अर्ध्या बाया वळून पळाल्या. मीही पळणारच होते, पण तू माझा दंड धरलास. मग तू खालांना आपल्या डाव्या बाजूला घेतलंस आणि टपरीच्या बाजूनं स्वतः चालायला लागलीस. आजही हे लिहिताना माझी पाठ ताठ होते. दुसरा दगड आला नाही. पोरांनीच हळूहळू वाट दिली. सुजलेल्या हातानं खालांनी शिक्का मारला. पळालेल्या बाया मात्र त्या दिवशी परत फिरकल्या नाहीत.

मालक थोडक्यात पडला. काही दिवसांनी तो स्वतः आला आणि अगदी सभ्यपणे म्हणाला, "वहिनी, खोली लागती मला." हातगाडीवर मोटार आणि जाती घालून आपण चिकलठाण्याला गेलो. तिथं गिरणी कधीच तशी चालली नाही. वडील कितीतरी दिवस तुझ्याशी कामापुरतंच बोलत होते.

मी मात्र ही गोष्ट अभिमानानं सांगत राहिले. कॉलेजात सांगितली, सासरी सांगितली, मुलांना तर पाठच झाली. तुझ्या शेवटच्या आजारात, दवाखान्यात, तुला बरं वाटावं म्हणून मी म्हटलं, "आई, मालकाला पाडलंस तू." तू माझ्याकडं नवलानं बघितलंस.

"मी कशाला पाडू? माझं मत त्यालाच होतं. गल्लीत नळ कुणी आणला? माणूस कामाचा होता, पुतण्या वाया गेलेला." आणि तू पाणी मागितलंस.

मी पाण्याचा पेला तुझ्या ओठांना लावला. ज्या बायांना तू आणलंस, त्यांनीच तुझ्या माणसाला पाडलं असणार. त्यापायी तुझी खोली गेली. आणि तुझ्या बोलण्यात पश्चात्तापाचा लवलेश नव्हता.

हे पत्र कुठं पाठवायचं नाही, म्हणून खरं लिहिते. समोरच्या इमारतीवर मला नको असलेल्या पक्षाचे झेंडे आहेत. सगळी ओळखीची, चांगली माणसं आहेत. सकाळी खिडकीतून मी त्यांच्याकडं बघत होते आणि मनात येत होतं, परवा यातल्या निम्म्यांनी तरी घरीच बसावं.