बारा बुटक्यांचा सुधारित अहवाल

भिवंडी,
६ मार्च १९९४

तीर्थरूप लडकूमामा,

तुळजाचा नमस्कार. (वाकून केलेला आहे असे समजावे. कागदावर वाकता येत नाही म्हणून वेगळे लिहिले.) तुमचा डावा गुडघा कसा आहे? मामी बाजारात आईला भेटली तेव्हा म्हणाली, दुकानातल्या खालच्या रांगेतल्या काचपेट्या आता तुम्ही उकिडवे बसून नाही, स्टुलावर बसून धुता. स्टूल चार पायांचेच घ्यावे, तीन पायांचे ओल्या फरशीवर सरकते. तुमच्या काल्हेरला लाइट गेली की हवेचे पंप बंद पडून मासे वर तोंड काढतात, त्यावर काही उपाय सापडला का? इकडे सगळे ठीक. आईला ताप, खोकला, रक्तदाब यांपैकी काही नाही. बाकीचे मोजायचे साधन माझ्याकडे नाही.

पत्राचे कारण असे की गेल्या जुलैत तुम्ही आमच्या कापड रंगवायच्या कारखान्यात, डाईंगमध्ये, बारा मासे आणून दिले होते. त्या दिवसानंतर तुम्ही आमच्याकडे आला नाहीत, आठ महिने झाले, त्यामुळे माशांचे पुढे काय झाले ते तुम्हाला कळले नसणार. ते कळवणे माझे काम आहे. पत्राचा हेतू एवढाच आहे.

सुरुवात तुम्हाला माहीत आहे, पण अहवालात ती लिहावी लागते. आमच्या केसरीनाथशेठनी मानकोलीला नवे ऑफिस बांधले आणि त्यात दोन फुटांची काचपेटी बसवली. भिंतीवर परदेशी कॅलेंडर होते, त्यात एक मासा होता, अंग निळे आणि शेपटी नारिंगी. शेठ म्हणाले, असे बारा पाहिजेत, सेम टू सेम. मी म्हटले, माझे मामा आधी खाडीत मासेमारी करायचे, आता शोभेच्या माशांचे दुकान चालवतात, ते आणतील. (नाव मीच सुचवले होते. शेठनी हे मला नंतर बऱ्याच वेळा ऐकवले. तुम्ही एकदाही नाही.) तुम्ही मुंबईच्या घाऊक व्यापाऱ्याकडून ते बुटके सिक्लिड आणलेत, दक्षिण अमेरिकेतल्या कुठल्याशा नदीतून जाळ्याने धरलेले, बोटभर लांबीचे. ऑफिसला रंग चालू होता म्हणून डिलिव्हरी डाईंगवर झाली, आणि डाईंगच्या गेटमधून आत आलेला माल माझ्या लॅबमधून पास झाल्याशिवाय पुढे जात नाही. हा नियम माशांनाही लावणे ही शेठची गंमत होती. मला गंमत कळायला वेळ लागतो. मी कोट घातला.

तुम्ही मला शेड जुळवताना कधी पाहिले नव्हते, तेव्हा थोडे सांगते. कापडाचा तुकडा शेड मॅचिंगच्या पेटीत ठेवायचा, पेटीत तीन प्रकारचे दिवे असतात, एकेका दिव्याखाली नमुन्याशी ताडून पाहायचे. दिवसाच्या उजेडात जुळणारे दोन निळे ट्यूबलाइटखाली एकमेकांना ओळखही दाखवत नाहीत. (साडी आणि ब्लाउज दुकानात जुळतात आणि लग्नात जुळत नाहीत, ते यामुळेच.) त्या नियमाने मी बारा मासे बारा बीकरमध्ये घातले, एक ते बारा नंबर लावले, आणि पेटीत कॅलेंडरशेजारी ठेवले. पहिल्या वाचनात सगळे बारा तंतोतंत जुळले. एकमेकांशी, कॅलेंडरशी नाही. सगळे राखाडी, अंगावर एक काळी पट्टी. तुम्ही म्हणालात, "घाबरलंय ते, बाय. काचेच्या पेल्यात तुला घातली तर तू कुठला रंग दाखवशील?" मी नोंद केली, "राखाडी, एकसारखा."

अर्ध्या तासाने दुसरे वाचन घेतले. तीन निळे झाले होते, दोन पिवळट, एकाच्या शेपटीवर नारिंगी ठिपके, बाकीचे मळकट. तिसऱ्या वाचनात शेजारशेजारच्या बीकरमधल्या दोघांनी एकमेकांना काचेतून पाहिले आणि दोघांचे रंग पुन्हा बदलले. डिप्लोमाला आम्हाला पहिल्याच महिन्यात शिकवले होते की तीन वाचने जुळली नाहीत तर आधी उपकरण तपासावे, मग स्वतःला तपासावे, आणि मालाला सर्वांत शेवटी हात लावावा. मी उपकरण तपासले. ते ठीक होते. मग थेट मालावर आले. मधली पायरी राहिली, हे मला तेव्हा जाणवले नाही.

तुम्ही समजावत होतात की पैदाशीचे मासे एकसारखे निघतात कारण माणूस तसेच निवडत जातो, नदीतले निघत नाहीत. "एकाच जाळ्यात निळं येतं, पिवळं येतं, शेपटी रंगलेलं येतं, न रंगलेलं येतं. नदीला लॉट नसतो, तुळजे. मासा हाय तो, साडी न्हाय." लॅबमधली चार माणसे हसली. मला वाटले ती मला हसली. (बहुधा तुमच्या बोलण्याला हसली असावीत. आता विचारून उपयोग नाही, दोघे काम सोडून गेले.) मी कॅलेंडरच्या जवळ जाणारे पाच निवडले आणि लिहिले, "पाच पास, सात नापास. लॉट मिश्र. पुरवठादाराने एक जात सांगून दोन जाती दिल्याचा संशय." शेठनी ते मोठ्याने वाचले आणि म्हणाले, "क्या बात है मॅडम, मामाने भाचीलापण सोडलं नाही!" तुम्ही नापास सातांची पिशवी माझ्या टेबलावर ठेवलीत आणि म्हणालात, "हे तूच सांभाळ. आपल्याला काय कळतंय त्यातलं." आणि निघालात. चहा आला होता. त्यावर साय धरेपर्यंत मी रजिस्टर भरत होते.

आता पुढचे, जे तुम्हाला माहीत नाही. पास झालेले पाच शेठच्या पेटीत गेले. मी रंगावरून निवडले होते, आणि या जातीत भडक असतात ते नर असतात, तेही दांडगे नर, हे मला माहीत नव्हते. दोन फुटांत पाच दांडगे नर. एकविसाव्या दिवशी एकच उरला, आणि त्याच्या शेपटीची झालर झाली होती. शेठनी मला बोलावून विचारले की पास केलेला माल असा कसा निघाला. तीन वर्षांत माझ्या सहीचा एकही लॉट परत आला नव्हता. हे पाच आले. म्हणजे चार आलेच नाहीत.

नापास सात मी घरी पाणी गाळायच्या जुन्या काचेच्या टाकीत ठेवले. तुम्ही पिशवीत जंगली बदामाची वाळलेली पाने घातली होती, ती मी कचरा म्हणून काढून टाकली. दोन दिवस मासे कोपऱ्यात चिकटून बसले, तेव्हा पाने पुन्हा गोळा करून आणली. पानांनी पाण्याला चहासारखा रंग सोडला. रंग सुटणे ही आमच्याकडे तक्रार असते, म्हणून मी चार वेळा पाणी बदलले. पाचव्या वेळी आई म्हणाली, "तो खाडीतला माणूस हाय, त्याला पाण्यातलं तुझ्यापेक्षा जास्त कळतं. ठेव ती पानं." (तुम्ही म्हणायचात ना, खाडीत टाकलेल्या जाळ्यावर चढलेला रंग बघून सांगता येतं आज तुळजाच्या डाईंगला कुठली ऑर्डर हाय. मी तेव्हा हसायचे. जाळे तुम्ही का सोडलेत हे मी कधी विचारले नाही.) मी पाने ठेवली. लॅबमधून आणलेले डिस्टिल्ड वॉटर थोडे मिसळले, तळाशी करवंटी उपडी ठेवली, आणि यावेळी पेटी, बीकर, दिवे काही न वापरता खिडकीच्या उजेडात समोर बसले. रोज सकाळी ड्युटीआधी वीस मिनिटे, न हलता. मी हलले की ते राखाडी होतात, हे एव्हाना लक्षात आले होते.

नोव्हेंबरात नंबर नऊ निळा होऊ लागला. जानेवारीपर्यंत शेपटी अशी नारिंगी झाली की कॅलेंडर फिके वाटावे. मासा तोच, पाणी तेच, खाणे तेच. फरक एवढाच की ते पाच दांडगे आता शेजारी नव्हते. म्हणजे रंग त्याच्यात आधीपासून होता, तो दाखवत नव्हता. माझ्या रजिस्टरात अशा गोष्टीसाठी रकाना नाही. नंबर चार पिवळाच राहिला, शेपटीवर ठिपका नाही, पण नंबर नऊ ज्या मळकट मादीपुढे पर फुलवून थरथरतो, तिच्यापुढे तोही तसाच थरथरतो. दोन जाती असत्या तर एकाच मादीसाठी दोघे एवढे भांडले नसते.

आणि फेब्रुवारीत ती मळकट मादी, नंबर सात, एका रात्रीत लिंबासारखी पिवळीधमक झाली, अंगावर काजळाच्या रेघा. मला आधी कावीळ वाटली. मग वाटले आदल्या दिवशी लॅबमध्ये पिवळा रंग तोलला होता, तो हाताने पाण्यात गेला. साबणाने तीन वेळा हात धुऊन तिला वेगळी काढायला गेले तर तिने माझे बोट चावले. बोटभर मासा, बोटाला चावला. करवंटी उचलली तर आत छताला लालसर अंडी चिकटलेली. करवंटी जशी होती तशी ठेवली आणि मादीची माफी मागितली. (मोठ्याने. घरात कोणी नव्हते.)

असे सगळे झाले. मामीला नमस्कार. गुडघ्याला शेक देत जावे.

तुमची,
तुळजा

ता. क. : शेठना नंबर नऊचे कळले आणि तो त्यांना परत हवा झाला. मी म्हटले, नापास माल गेटमधून पुन्हा आत येत नाही, हा नियम तुमचाच आहे. सुधारित अहवाल दाखल केला तर मात्र विचार करता येईल. मी तो लिहिला, त्यांनी सही केली. मग मी विचार केला आणि नाही म्हटले. प्रत सोबत जोडली आहे. तिच्यात लिहिले आहे की बारा नग एकाच जातीचे, सर्व पास, पुरवठादाराचे म्हणणे सुरुवातीपासून बरोबर, मूळ अहवालातील दोष तपासणाऱ्याचा. लॅबमध्ये उभे राहून मोठ्याने वाचली. कोणी हसले नाही, त्यामुळे पुन्हा वाचली नाही.

ता. क. दुसरा : भाऊबीजेला आईने पाट मांडला होता. तुम्ही आला नाहीत, तेव्हा संध्याकाळी अंगणात जाऊन तिने चंद्राला ओवाळले. ज्यांना भाऊ नाही त्या बायका तसे करतात. आईला आहे. चंद्र त्या दिवशी फार बारीक असतो आणि लवकर मावळतो, म्हणून घाईत ओवाळावे लागले. हे तुम्हाला कळवू नकोस असे तिने सांगितले आहे. होळी सत्तावीस तारखेला, रविवारी आहे. मला सुट्टी आहे. आईने वाल आत्ताच निवडून ठेवले आहेत, आमच्या दोघींना पुरून उरतील एवढे.

ता. क. तिसरा : पिल्ले पोहू लागली आहेत. मादी त्यांना पानांवरून चरायला नेते. पत्र बंद करण्याआधी आकडा द्यावा म्हणून मी तीनदा मोजली. एकतीस, चव्वेचाळीस, अडतीस. नोंद केली आहे, दोष मोजणारीचा. चौथ्या वेळी तुम्ही मोजा. चहा तुम्ही बसल्यावरच ठेवीन.