सावल्यांचा तास

प्रिय ताई,

रविवार, नऊ फेब्रुवारी, सकाळचे साडेदहा. दुकान आज बंद आहे, पण मालकांकडून किल्ली मागून घेतली आणि त्यांच्याच टेबलावर तुझं पार्सल बांधतो आहे. उद्याच्या पहिल्या बसचे ड्रायव्हरकाका ते तुझ्या शाळेच्या फाटकाशी देतील. आत प्रोजेक्टरची लांब केबल, चित्रं पुढे सरकवायचा छोटा रिमोट, त्याचे जादा सेल, एक पेनड्राइव्ह आणि आपल्या स्वयंपाकघरातली टॉर्च आहे. पैसे किती झाले ते विचारू नकोस. विचारलंस तर दुप्पट सांगेन.

गुरुवारी मोठ्या बाई तुझ्या तासाला बसणार आणि तास आवडला तर तुला तिथे कायम करणार, हे कळल्यापासून घरात कोणाचंच चित्त थाऱ्यावर नाही. आईने कॅलेंडरवर गुरुवारभोवती गोल केला आहे. बाबा त्या गोलाकडे बघून न बघितल्यासारखं करतात. काल म्हणाले, "तिला सांग, खडूला वीज लागत नाही. आणि नाहीच जमलं तर घर आहे इथे." आई म्हणाली, "काहीतरी अभद्र बोलू नका," आणि लगेच उठून तुझ्या पलंगावरची चादर बदलून आली. ती कोणाच्या बाजूची आहे ते तूच ठरव.

रिकाम्या वर्गात केलेला तुझा सरावाचा व्हिडिओ मी पाहिला. तू फोनवर विचारलंस, कसा झाला, आणि मी नुसतं "ठीक" म्हणालो. तू चिडलीस. "ठोंब्या, ठीक म्हणजे पास की नापास ते सांग!" तेव्हा सांगता आलं नाही, म्हणून लिहितो. शिकवण्यातलं मला काय कळणार. आठवीनंतर माझा फळ्याशी संबंध दुकानाबाहेर भाव लिहिण्यापुरताच. यंत्राचं तेवढं सांगतो, तेही मालकांना विचारून.

पहिलं म्हणजे, तू सारखी प्रकाशाच्या वाटेत येतेस. सूर्याच्या चित्रावर तुझीच वेणी हलताना दिसते. धडा सावल्यांचा असला तरी एवढं नको. रिमोट हातात धर आणि पडद्याच्या बाजूला उभी राहा, म्हणजे दर चित्राला टेबलाकडे पळावं लागणार नाही. तू पडद्यावरचं वाचतेस तेव्हा मुलांकडे पाठ होते. त्यापेक्षा पडद्यावर लिहिलेलं कमी कर. शेवटच्या बाकावर बसून बघ, जे वाचता येत नाही ते काढून टाक. लॅपटॉपचा आवाजही तिथूनच ऐकून बघ. दिवे सगळे घालवू नकोस. पडद्याजवळचे घालव, मागचे राहू देत, नाहीतर मागची मंडळी झोपतील. मी झोपायचो. मुलांना दाखवायचा व्हिडिओ नेटवरून लावायच्या भानगडीत पडू नकोस. पेनड्राइव्हवर आहे, लॅपटॉपवरही उतरवून ठेव आणि बुधवारी तिथल्याच पडद्यावर एकदा चालवून बघ. घरी चालतं ते वर्गात चालेलच असं नसतं, हे आमच्या दुकानात रोज कोणीतरी रडत सांगायला येतं.

आणि ताई, लॅपटॉपवर येणारे निरोप त्या तासापुरते बंद ठेव. सरावात ऐन दुपारच्या सावलीच्या चित्रावर आईचा निरोप झळकला, "बाबांनी आज पुन्हा गोळी घेतली नाही, तू ओरड." गुरुवारी तो अख्ख्या वर्गाने वाचला असता. आईला मी सांगितलंय. ती म्हणाली, "तासभरच ना?" आणि मग जरा वेळाने, "किती वाजताचा तास?"

एवढं करूनही यंत्र रुसलं, तर त्याच्याशी झटत बसू नकोस. मालक म्हणतात, बिघडलेलं यंत्र मुलं विसरतात, घाबरलेल्या बाईंना विसरत नाहीत. म्हणून टॉर्च पाठवली आहे. एक चेंडू घे, भिंत घे, आणि शिकव.

ती टॉर्च तुला आठवत असेल. बाबा अंथरुणाला खिळले तेव्हा मी शाळा सोडून दुकानात लागलो आणि तू शिक्षिकेचा अभ्यास करत होतीस. दुसऱ्या दिवशीचा पाठ तू आदल्या संध्याकाळी मला शिकवायचीस. मी उपड्या बादलीवर, तू ओट्यापाशी, भिंतीवर वाटीची सावली. टॉर्च वर नेलीस की सावली आखडायची, खाली आणलीस की पार दारापर्यंत जायची. दर वेळी थांबून विचारायचीस, "कळलं का, ठोंब्या?" मी हो म्हटल्याशिवाय पुढे जायची नाहीस. मला बहुतेक वेळा पहिल्यांदाच कळलेलं असायचं. पण नाही म्हटलं की तू परत पहिल्यापासून सांगायचीस, म्हणून मी नाही म्हणायचो.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसलो ते. सरावाच्या व्हिडिओच्या शेवटी, संध्याकाळच्या लांब सावलीचं चित्र आल्यावर, तू पडद्याकडे बघायचं सोडतेस. खिडकीजवळच्या शेवटच्या रिकाम्या बाकाकडे बघतेस आणि विचारतेस, "कळलं का, ठोंब्या?" मग थांबतेस. उत्तराची वाट बघतेस. आणि पुढे जातेस. तू हे बोललीस ते तुझ्या लक्षातही आलं नसेल. अख्ख्या तासात तू खरी शिकवतेस ती तिथेच, म्हणून ते काढू नकोस. पण बुधवारी त्या बाकावर कोण बसतं ते बघ, त्याला किंवा तिला घरी काय हाक मारतात ते विचारून घे, आणि गुरुवारी तिथेच थांबून ती हाक मार. हे मी फोनवर बोलायला गेलो असतो तर तोंडातून "परत ये" एवढंच निघालं असतं. आईने चादर घातली, बाबांनी घर आहे म्हटलं, मीही तेच म्हणालो असतो तर तू आली असतीस, मला माहीत आहे. म्हणून ताई, मला त्या बाकावरून उठव. तिथे आता दुसरं कोणीतरी बसू दे. माझी बादली इथे आहे, उपडीच.

तुझाच,
अजूनही "नाही कळलं" म्हणणारा,
ठोंब्या