खांद्यावरचा हात

दादा,

रात्रभर बाबांजवळ बसून आलास, आत्ता कुठे तुझा डोळा लागलाय, म्हणून उठवत नाही. मी हॉस्पिटलला निघतेय.

सकाळच्या ऑर्डरी बघितल्या. सोनिवलीच्या बारशाचे प्रिंट उल्हासनगरच्या लॅबला पाठवलेत. अंबरनाथवाल्यांनी अल्बमचे फोटो अजून निवडले नाहीत, त्यांना एक फोन कर.

एक ऑर्डर मात्र अजून लॅबला पाठवली नाही. काकांची आहे, आपल्या शलाकाच्या लग्नाच्या ऑनलाइन गॅलरीतून केलेली. ग्रुप फोटोतले एकटे बाबा, बारा बाय अठरा, फ्रेमसकट, अर्जंट. खाली लिहिलंय, मागे साधा निळा रंग द्या, खांद्यावरचा हात काढून टाका. काकांना वाटलं असेल, ऑर्डर थेट लॅबला जाते. आधी माझ्याकडे येते हे त्यांना कुठे माहीत.

ग्रुपमधला एकच माणूस मोठा करून मागितला, तोही अर्जंट, की आपण गिऱ्हाइकाला काही विचारत नाही. गुपचूप करून देतो. हे मला तूच शिकवलंस.

काल डॉक्टरांनी तुला आणि काकांना आत बोलावलं होतं. बाहेर येऊन तू म्हणालास, सुधारतायत. मी आईलाही तेच सांगितलं, म्हणून तिने आज त्यांच्यासाठी पेज केलीय. तीच घेऊन चाललेय.

मागचा निळा रंग देऊन झालाय. बाबांची कॉलरही सरळ केली. हात आईचा आहे. तो तू काढ, मला जमलं नाही.

हिमानी