बोलीतपासाची मालकी

मी, मल्लिकार्जुन विश्वनाथ शेटे, वय बासष्ट, राहणार तलवाडा, तालुका गेवराई, जिल्हा बीड, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया झाली आहे. बुद्धी ठीक असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. मुलाने दोन दिवस बोलणे सोडले, त्याला मी दबाव मानत नाही.

एक. तलवाड्याचे राहते घर पत्नी शिवकांता हिला.

दोन. गेवराईच्या संगणक वर्गातली नऊ यंत्रे मुलगा रवि याला. वर्ग चालवलाच पाहिजे, अशी अट नाही.

तीन. वडिलांचा पितळी तराजू धाकटा भाऊ महांतेश याला. दुकान त्याच्या वाट्याला गेले म्हणून मी तराजू अडवून ठेवला. अठरा वर्षे तो माळ्यावर आहे. माझ्या काही उपयोगाचा नव्हता.

चार. बोलीतपास. आपल्याकडची बोली लिहिली की संगणक प्रत्येक शब्दाखाली लाल रेघ मारत असे. ती रेघ घालवणारा प्रोग्राम मी लिहिला आणि कोणीही वापरावा, बदलावा असा मोकळा ठेवला. त्यातले अकरा हजार शब्द उमापूरच्या अंगणवाडी सेविका वनमाला गव्हाणे यांनी सहा वर्षे बायकांमध्ये बसून गोळा केले.

अशा प्रकल्पात दुसऱ्याचे काम घेताना त्याच्याकडून करारपत्र लिहून घेण्याची रीत आहे. मी इंग्रजी नमुना उतरवून घेतला. प्रोग्रामला हातभार लावणाऱ्या बाकीच्यांनी तो वाचून सही केली. वनमालाबाईंना इंग्रजी येत नाही, म्हणून त्यांच्या ओसरीवर बसून मी एकेक कलम मराठीत सांगितले. सातवे कलम असे होते: दिलेल्या कामाची मालकी मल्लिकार्जुन शेटे यांची होईल आणि ते काम पुढे बंदिस्त करण्याचा अधिकार त्यांना राहील. सहाव्यानंतर मी आठवे सांगितले.

"वावगं काई न्हाई ना, सर?"

"न्हाई बाई. नुसती रीत हाय."

"मग द्या पेन. तुमी वाचलंय म्हंजी झालं."

विकण्याचा विचार तेव्हा नव्हता, असे मी स्वतःला सांगत आलो. विचार नसता तर कलम गाळले नसते.

तीन वर्षांनी पुण्याच्या एका कंपनीला मी पाच वर्षांसाठी सगळे हक्क दिले. मोकळा प्रोग्राम बंद झाला. वनमालाबाईंनी आपली यादी सेविकांच्या फोनवर पाठवली, तर कंपनीची नोटीस त्यांनाच आली. ती इंग्रजीत होती, म्हणून वाचून घ्यायला त्या माझ्याकडेच आल्या. मी ती पूर्ण वाचून दाखवली.

"शब्द आमच्या आयांचे, अन् बंदी मलाच कावून?"

मी बघतो म्हणालो. बघितले नाही.

गेल्या दिवाळीत कंपनीची मुदत संपली, हक्क माझ्याकडे परत आले. कंपनीला नवा करार हवा आहे. रवि म्हणाला, "अप्पा, करून टाका सही. बाईला काय कळतंय त्यातलं?" मी म्हणालो, "याच हिशेबानं मी चाललो होतो." त्यानंतर तो बोललेला नाही.

म्हणून माझ्या मृत्यूनंतर बोलीतपासाची मालकी वनमाला गव्हाणे यांना मिळावी आणि गाळलेल्या कलमाची हकीकत प्रकल्पाच्या इंटरनेटवरच्या पानावर तेव्हाच जाहीर व्हावी.

पाच. वरचा मजकूर वाचून दाखवायला मी काल उमापूरला गेलो. बाई पोषण आहाराची पाकिटे मोजत होत्या. सातव्या कलमाशी त्यांचा हात थांबला. शेवटपर्यंत ऐकून त्या म्हणाल्या, "मेल्यावर कावून, सर? तुमाला तोंड दाखवायला नगं म्हणून?"



आज सकाळी गेवराईत वकिलासमोर मी मालकी त्यांच्या नावे लिहून दिली. या वेळी कागद मराठीत होता. त्यांनी तो दोनदा वाचला, मग घेतला. मला माफ केले असे त्या म्हणाल्या नाहीत. हकीकत दुपारी माझ्या नावाने पानावर लावली. पहिला प्रतिसाद रवीचा आहे. तो इथे लिहीत नाही.

चौथ्या कलमातली शेवटची तरतूद त्यामुळे रद्द समजावी. ती वस्तू आता माझी नाही.

ठिकाण: तलवाडा
दिनांक: ९ फेब्रुवारी २०२५

सही: मल्लिकार्जुन विश्वनाथ शेटे

आमच्यासमोर सही झाली. सहीआधी संपूर्ण मजकूर आम्ही स्वतः वाचला.
साक्षीदार: १. बजरंग आश्रुबा चव्हाण, तलवाडा
२. हरिओम त्रिंबक मुळे, गेवराई