बुधूच्या नावाचा दगड

मंगळवार, दिनांक ११ फेब्रुवारी २०२५ रोजी सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी माझा थोरला भाऊ बुधू मासा हिचामी याच्या नावाचा दगड खाणीच्या दोन नंबर गेटवर काढून घेण्यात आला. हे आधी लिहिते, कारण मागे ठेवण्यासारखे माझ्यापाशी खरे तेवढेच होते, आणि नेमके तेच आता माझ्याकडे नाही.

मी देवकाबाई मासा हिचामी, वय ७१, अविवाहित, सेवानिवृत्त परिचारिका, राहणार हिडूरटोला, तालुका एटापल्ली, जिल्हा गडचिरोली. माझे डोके ठिकाणावर आहे. हृदय नाही, डॉक्टरांनी रिपोर्ट लपवला होता, मी तो मागून घेऊन वाचला. हे मृत्युपत्र मी कोणाच्याही दबावाखाली लिहीत नाही. या भागात दबाव आणू शकतील असे बहुतेक लोक माझ्याच हातावर जन्मले आहेत.

१. राहते घर आणि मागचे अंगण बुधूचा मुलगा झाडू याला. अंगणातला मोह तोडू नये. छपराची कवेलू दर वर्षी फेरावी, माझ्यासारखे बादल्या लावून दिवस काढू नयेत.

२. बँकेत जे काही उरेल ते झाडूची मुलगी साक्षी हिला. साक्षी खाणीत डंपर चालवते. त्यावरून मला गावात ऐकावे लागते. "बाई इथी कंपनीशी भांडते, अन् नात तिथी कंपनीले डोंगर वाहून देते!" माझा साक्षीवर राग नाही. घराएवढे यंत्र ती एका हाताने वळवते. तिच्या वयात मला कोणी सायकल दिली नव्हती. फक्त माझ्या मातीला तिने कंपनीचे नाव छापलेला टी-शर्ट घालून येऊ नये.

३. बीपीचे मशीन आणि बाळांचा वजनकाटा उपकेंद्रातल्या रंजीता सिस्टरला. काटा पन्नास ग्रॅम जास्त दाखवतो. आयांना बरे वाटते, म्हणून मी तो कधी दुरुस्त केला नाही. तिनेही करू नये.

४. दगड.

आम्हा माडियांत माणूस गेला की घरचे लोक डोंगरावर जाऊन त्याच्यासाठी दगड निवडतात, खांद्यावर वाहून आणतात आणि गावाच्या वाटेवर उभा करतात. तो उभा राहीपर्यंत गेलेला माणूस घराभोवती ताटकळतो, असे बुधू मानायचा. मी चंद्रपूरला सिस्टरांच्या शाळेत शिकलेली. मी मानत नव्हते. पण आता त्याच्या खाटेवर कोणी बसले की मी त्याला उठवते.

त्या शाळेत मला पोचवायला बुधू माझी पेटी डोक्यावर घेऊन दोन दिवस चालला होता. स्वतः तो कधी शाळेत बसला नाही.

दगड आणायच्या वेळी झाडू म्हणाला, "आत्या, नाल्याच्या वाटेनं आणू. तिथी गेट नाई." इतकी वर्षे माणसे त्याच वाटेने आणत होती. मीच अडून बसले. आपण चोर आहोत का? रीतसर अर्ज करू आणि मान वर करून गेटातून येऊ. कंपनीला अर्ज मी लिहिला, चांगल्या अक्षरात. वस्तू: दगड. ठिकाण: डोंगराचा पूर्व उतार. वजन: अंदाजे नव्वद किलो. कारण: भाऊ वारला. तो अर्ज वाचूनच त्यांच्या लक्षात आले की खनिज बाहेर चालले आहे. कंपनीचा अपराध मी लिहिलाच आहे; हा माझा.

गेटवर अश्विन होता, शेजारच्या गावचा पोरगा. "बाई, वाहतूक परवाना नाई तुमच्यापाशी. मी काय करू? माही नोकरी जाईन."

"अश्विन, तू जन्मलास तेव्हा रडत नव्हतास. पाठीत चापटी मीच मारली होती. आणखी एक देऊ का?"

झाडूच्या खांद्यावर अजून दगड बांधलेली काठी होती. तो म्हणाला, "काऊन रे, रोज इतके ट्रक जाते ते नाई दिसत, अन् चौघांच्या खांद्यावरचा एक दगड दिसते तुले?"

"त्याईच्यापाशी परवाना रायते, दादा."

मग सुरेंद्र साहेब आले. कंपनीचे अधिकारी, तरुण, बोलायला अगदी गोड. "मॅडम, अशा डोंगरांच्या जोरावर देश जगात पाचव्या नंबरवर आला, उद्या तिसऱ्यावर जाईल. तुम्ही तर शिकलेल्या आहात. एका दगडासाठी काय अडून बसता?"

मी म्हटले, "देश एवढा मोठा झाला, तर नव्वद किलोने त्याचे काय अडणार आहे?"

ते हसले. मी पावती मागितली. ती दिली नाही.

त्यानंतर मी पाच अर्ज दिले. उत्तर एकाचेही नाही. सप्टेंबरात साक्षी ड्यूटीवरून आली ती हेल्मेट न काढताच खाली बसली. कंपनीच्या नव्या ऑफिसच्या दारात तिने तो दगड पाहिला होता. वरच्या टोकाची पांढरी शीर तिने ओळखली. दगड धुऊन, तेल लावून उभा केला आहे. खाली पितळी पाटी: उत्तम प्रतीचे लोहखनिज, लोहाचे प्रमाण ६४ टक्के. परदेशातून माल घेणारे पाहुणे आले होते. त्यांनी त्याच्यावर कोपर टेकून फोटो काढले.

"आजी," साक्षी म्हणाली, "आजोबाले उभं केलं त्याईनं. पण दरवान करून."

ड्यूटीवर जाताना ती रोज तिथे हात जोडते. सुपरवायझरला वाटते, पोरगी कंपनीला नमस्कार करते. परवा त्याने तिचे कौतुक केले.

मला आता संतापायचेही श्रम होतात. तरी लिहिते: सदर दगड मी झाडूला देत आहे, त्याने तो वाटेवर उभा करावा. जे ताब्यात नाही ते मृत्युपत्राने देता येत नाही, असे माझे वकील लोकेश उंदिरवाडे सांगतात. मी त्यांना विचारले, डोंगर कोणाच्या ताब्यात होता म्हणून दिला गेला? त्यांनी चष्मा पुसला आणि कलम राहू दिले.

५. सुरेंद्र साहेबांना माझे शाईचे पेन. पावती लिहायला त्यांच्याकडे नसावे.

६. बुधूचा दगड वाटेवर उभा राहिल्याशिवाय माझ्या नावाचा आणू नये. दोघे एकत्र ताटकळू. एकाच घरातले दोन दगड कंपनीला देण्याची माझी ऐपत नाही.

हे सर्व पार पाडण्याची जबाबदारी लोकेश वकिलांवर सोपवते.

सही: देवकाबाई मासा हिचामी

आम्हा दोघांसमोर बाईंनी हे वाचून सही केली. वाचताना त्या दोनदा थांबल्या, पण शब्द बदलला नाही.
साक्षीदार: इस्तारी भोयर, निवृत्त पोस्टमन
साक्षीदार: संघपाल गेडाम, शिक्षक

ठिकाण: हिडूरटोला. बुधवार, दिनांक १२ नोव्हेंबर २०२५.

प्रत: व्यवस्थापक, खाण कंपनी, रजिस्टर्ड पोस्टाने.

मृत्युपत्र माणूस गेल्यावर उघडतात, हे मला माहीत आहे. तुमची प्रत मी आधीच पाठवते, कारण नंतर उत्तर वाचायला मी नसेन. दगड कोणत्या दिवशी, किती वाजता आणि कोणत्या गेटवर परत मिळेल, हे गुरुवार, दिनांक १५ जानेवारी २०२६ रोजी सायंकाळी पाच वाजेपर्यंत लेखी कळवावे. फोन करू नये, गाडी पाठवू नये. नकार असेल तर तोही लेखीच द्यावा, आणि त्यात 'दगड' किंवा 'खनिज' असे न लिहिता 'बुधू मासा हिचामी यांना परत देता येत नाही' असे लिहून खाली सही करावी.